डेबियन टाकतोय आणि पार्टिशनच्या पानावर गाडी अडकलीये

कोथरूडचा_किडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) उचलली. घरचा डेस्कटॉप आहे, १६ जीबी रॅम, आधीपासून २५६ जीबीची साटा एसएसडी आहे त्यावर विंडोज, आणि त्या विंडोजला हात लावायचा नाही कारण बायको त्यावर क्लायंटची टॅली करते आणि हात लावला तर मलाच घराबाहेर पार्टिशन मिळेल. शिवाय एक नवीकोरी ४ टीबीची हार्डडिस्क घेतलीये, त्यावर आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटी डिजिटाइज करून ठेवायच्यात. दोन ट्रंका भरून आहेत. चुलतभाऊ त्याच्या लॅपटॉपवर करतोय, मग माझ्याकडे आणणार.

एनव्हीएमईवर डेबियन १३ लिनक्स टाकायचंय. माझा वापर म्हणजे घरचं नेहमीचं, थोडं पायथन, आणि एका साइड प्रोजेक्टसाठी पोस्टग्रेस डेटाबेस. इन्स्टॉलर सुरू केला, सगळं नेक्स्ट नेक्स्ट झालं आणि पार्टिशनचं, म्हणजे डिस्कचे भाग पाडायचं, पान आलं. तिथे विचारतोय सगळं एकाच पार्टिशनमधे, की /होम (आपल्या फाइली) वेगळं, की /होम /व्हार /टेम्प सगळं वेगळं. मॅन्युअलमधे गेलो तर प्रत्येक पार्टिशनला अजून वीस प्रश्न, फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) कुठली, माउंट (पार्टिशन फोल्डरला जोडायचे) ऑप्शन कुठले, रिझर्व्ड ब्लॉक ५ टक्के म्हणजे काय, आणि 'टिपिकल युसेज' मधे स्टँडर्ड, न्यूज, लार्जफाइल. न्यूज? बातम्यांसाठी वेगळी डिस्क? रात्री दीड वाजता बंद करून झोपलो. काय करू?

बटरपाव

एकच बीटीआरएफएस फाइलसिस्टिम, विषय संपला. सबव्हॉल्यूम (आतले कप्पे) करा, रूटचं (सिस्टिमचं) वेगळं, होमचं वेगळं, जागा दोघांना सामाईक, कोणाला किती द्यायची हा हिशोबच नाही. कॉम्प्रेशन झेडएसटीडी लावा. अपडेटच्या आधी स्नॅपशॉट, काही बिघडलं तर परत मागे. फेडोराने वर्कस्टेशनला २०२० मधेच डीफॉल्ट केलं, ओपनसूसेने त्याच्याही आधी. आजच्या काळात एक्स्ट४ (लिनक्सची जुनी नेहमीची फाइलसिस्टिम) टाकणं म्हणजे नवीन फ्लॅटमधे चूल मांडण्यासारखं आहे.

सदाशिव_३०

या विषयावर याच संस्थळावर किमान सहा धागे आहेत. शोध सुविधा वरती उजव्या कोपऱ्यात दिलेली आहे, ती शोभेसाठी नाही.

टर्मिनल_तात्या

किडेसाहेब, सदाशिवरावांचं मनावर घेऊ नका, ते घरी आलेल्या पाहुण्यालाही आधी 'का आलात' विचारतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, पार्टिशन किती करायची याचं उत्तर डिस्कवर अवलंबून नसतं, काय भरून वाहू शकतं आणि ते वाहिल्यावर काय काय बुडतं यावर असतं. बाकीचं सगळं रिवाज. आता हा रिवाज कुठून आला बघा. बेल लॅबमधे थॉम्प्सन आणि रिची पीडीपी-११ वर युनिक्स लिहीत होते तेव्हा पहिल्या डिस्कवर सिस्टिम मावेना, म्हणून उरलेली दुसऱ्या डिस्कवर ढकलली, आणि दुसऱ्या डिस्कवर होती युझर लोकांची घरं, म्हणून ती /युएसआर. जागा नव्हती म्हणून झालेली विभागणी पुढे लोकांनी चाळीस वर्षं शास्त्र म्हणून सांगितली, आणि डेबियन १२ मधे २०२३ साली ते शेवटी कायमचं एकत्र झालं. तसंच वेगळ्या /बूटचं. मी पहिलं लिनक्स टाकलं ते मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून, तेव्हा बायोसला १०२४ सिलिंडरच्या पलीकडचं वाचता यायचं नाही, म्हणजे साधारण पहिले ८ जीबी, म्हणून कर्नल डिस्कच्या सुरुवातीला एका छोट्या पार्टिशनमधे ठेवायचा. ते बायोस गेले, ते सिलिंडर गेले, पण सल्ला अजून फिरतोय. तुम्हाला एन्क्रिप्शन नको असेल तर वेगळी /बूट नकोच, ग्रबला (बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅमला) सगळं वाचता येतं.

न्यूज म्हणजे यूजनेटची बातमीपत्रं हो. लाखो बारक्या फाइली असायच्या, म्हणून दर ४ केबीमागे एक आयनोड (फाइलीची नोंद, दर फाइलीला एक). तुम्हाला त्याचा उपयोग शून्य. पण त्याच यादीतलं लार्जफाइल तुम्हाला लागणार आहे, ते नंतर सांगतो, आत्ता जेवायला हाक आलीये.

हिंजवडी_सिग्नल

+१ तात्या. (सिग्नलला उभा आहे म्हणून टाइप करतोय, अजून बराच वेळ आहे.) एनव्हीएमईवर एलव्हीएम (भाग नंतर वाढवता येतील अशी व्यवस्था) करा आणि अर्धी जागा कोणालाच देऊ नका. हेच लोकांना जमत नाही, १ टीबी आहे म्हटलं की १ टीबी वाटून टाकतात. एक्स्ट४ चालू असताना वाढवता येतं, लहान करायचं तर अनमाउंट करावं लागतं. एक्सएफएस (तीही एक फाइलसिस्टिम) तर वाढतं पण लहान होत नाही, लिफ्ट फक्त वर जाते. म्हणून कमी द्या, लागेल तसं एलव्हीएक्सटेंडला -आर लावून वाढवा, फाइलसिस्टिम पण आपोआप वाढते, रीबूट नको काही नको.

डेक्कनची_राणी

मी डेटाबेस सांभाळते त्यामुळे माझं मत एकांगी असेल पण सांगते.

बटरपाव, बीटीआरएफएस मलाही आवडतं, माझ्या लॅपटॉपवर तेच आहे. पण पोस्टग्रेस त्याच्यावर ठेवू नका. ती कॉपी-ऑन-राइट आहे, म्हणजे जुन्या जागी न लिहिता प्रत्येक वेळी नवीन जागी लिहिणार, आणि पोस्टग्रेस ८ केबीची पानं एकाच फाइलमधे इकडेतिकडे सतत बदलत असतो. फाइलचे तुकडे तुकडे होतात. यावर उपाय आहे, रिकाम्या डिरेक्टरीला सीएचएटीटीआरने +सी लावायचं, मग त्यात पुढे बनणाऱ्या फाइलींना कॉपी-ऑन-राइट लागत नाही. पण रिकामी असतानाच लावायचं, आधीच भरलेल्या फाइलीवर लावून काही होत नाही. आणि ते लावलं की चेकसमही (फाइल खराब झाली का ते तपासायचा आकडा) जातो आणि कॉम्प्रेशनही जातं, मग बीटीआरएफएस घेतलं कशाला?

दुसरं, पोस्टग्रेसला वेगळं पार्टिशन द्या. कारण सांगते. आधीच्या नोकरीत एक सर्व्हर होता, त्यावर सगळं एकाच रूटमधे. एका रात्री दीड वाजता फोन, वेबसाइट बंद. लॉगिन केलं तर प्रत्येक गोष्टीला 'डिव्हाइसवर जागा नाही'. डीएफ -एच मारलं तर डिस्क ५८ टक्के भरलेली. अर्धी रिकामी! मी वीस मिनिटं मूर्खासारखी तो आकडा बघत बसले. मग कोणीतरी म्हणालं डीएफ -आय मारून बघ. आयनोड १०० टक्के. पीएचपीच्या सेशन फाइली कोणी कधी साफच केल्या नव्हत्या, एकेक फाइल काही शे बाइटची, जागा खात नव्हत्या पण प्रत्येकीला एक आयनोड. एक्स्ट४ मधे आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, नंतर फाइलसिस्टिमची साइज न वाढवता ती वाढत नाही. आरएमला तारा लावून पुसायला गेले तर 'आर्ग्युमेंट लिस्ट खूप लांब'. फाइंडला डिलीट लावून पुसायला पहाटेचे साडेचार झाले. सेशनसाठी वेगळं पार्टिशन असतं तर लॉगिन अडलं असतं फक्त, डेटाबेस चालू राहिला असता.

आणि हो, पार्टिशन जिथे माउंट कराल तीच डेटा डिरेक्टरी करू नका, त्याच्या आत एक फोल्डर करा. नाहीतर आत आधीच लॉस्ट-अँड-फाउंड असतं आणि पोस्टग्रेसचा इनिटडीबी म्हणतो की डिरेक्टरी रिकामी नाही, मी नाही करत जा.

पफीमासा

ही चर्चा वाचून मौज वाटली. ओपनबीएसडीच्या (लिनक्सहून वेगळी, सुरक्षेवर भर देणारी सिस्टिम) इन्स्टॉलरमधे नुसतं एंटर दाबलं की तो स्वतःच /, /टेम्प, /व्हार, /युएसआर, /युएसआर/लोकल, /होम सगळं वेगवेगळं करतो आणि तुमच्या लिनक्सवाल्यांसारखा विचारत बसत नाही. कारण तिथे पार्टिशन म्हणजे जागेची वाटणी नाही, कुंपण आहे. /होम आणि /टेम्प वर नोसुइड नोडेव्ह हे बंदीचे माउंट ऑप्शन आपोआप. जे प्रोग्रॅम मेमरी एकाच वेळी लिहिता येणारी आणि चालवता येणारी मागतात ते फक्त /युएसआर/लोकल वरूनच चालतात, कारण डब्ल्यूएक्सअलाउड हा माउंट ऑप्शन तिथेच लावलेला असतो. एक मोठं रूट केलं की हे सगळं गेलं.

तोटे पण सांगतो, खोटं नको. तिथल्या एफएफएस फाइलसिस्टिमला जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नाही, लाइट गेली की एफएससीके (डिस्कची तपासणी) चालणार, मोठं /होम असेल तर चहा करून या. आणि /युएसआर/लोकल भरलं तर शेजारची जागा मोकळी असेल तरच वाढवता येतं, नाहीतर बसा परत इन्स्टॉल करत. माझं दोनदा झालंय.

बटरपाव

@राणी पोस्टग्रेसचं मान्य. पण होमला आणि रूटला तरी बीटीआरएफएस द्या ना. तात्यांच्या चुलीवर भाकरी चांगली होते पण धूर कोणी खायचा.

टर्मिनल_तात्या

द्या की. फक्त दोन गोष्टी त्यांना आधी सांगा ज्या तुम्ही सांगत नाही. एक, डेबियनचा इन्स्टॉलर बीटीआरएफएसला सबव्हॉल्यूम करतो तो '@रूटएफएस' नावाने, आणि टाइमशिफ्टला (स्नॅपशॉट काढायच्या प्रोग्रॅमला) हवं असतं नुसतं '@' आणि '@होम'. म्हणजे ज्या स्नॅपशॉटसाठी एवढा अट्टाहास केला ते टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी म्हणतं मला हे ओळखू येत नाही, मग नवीन माणूस लाइव्ह सीडीत बसून नावं बदलणार. दोन, स्नॅपशॉट असताना फाइल पुसली तरी जागा सुटत नाही, आणि एका डिस्कवर चेकसम तुम्हाला फाइल खराब झाली एवढं सांगेल, दुरुस्त कुठून करेल? दुसरी प्रत कुठेय? ज्याला हे माहितीये त्याने खुशाल वापरावं. ज्याला रिझर्व्ड ब्लॉक म्हणजे काय हा प्रश्न पडलाय त्याने पहिल्या वर्षी एक्स्ट४ वापरावं. यात कमीपणा नाही.

आता रिझर्व्ड ब्लॉक. एक्स्ट४ ५ टक्के जागा रूट युझरसाठी (सिस्टिमच्या मुख्य अकाउंटसाठी) राखून ठेवतं, म्हणजे साध्या युझरने डिस्क भरली तरी सिस्टिमचे लॉग वगैरे लिहिता येतात आणि तुम्ही लॉगिन करून साफ करू शकता. रूट पार्टिशनवर हे असू दे, ६० जीबीचे ५ टक्के म्हणजे ३ जीबी, त्यात काय मोठंसं. पण तुमच्या ४ टीबीच्या डिस्कचे ५ टक्के म्हणजे २०० जीबी! आणि तिथे आजोबांच्या कीर्तनाशिवाय काही नाही. तिथे शून्य करा. नंतरही करता येतं, ट्यून२एफएसला -एम ०, चालू डिस्कवर.

आणि लार्जफाइल. नेहमीच्या एक्स्ट४ मधे दर १६ केबीमागे एक आयनोड. ४ टीबीला किती होतात बघा, साधारण २४ कोटी ४० लाख. प्रत्येक आयनोड २५६ बाइटचा. म्हणजे ६२ जीबी जागा नुसत्या टेबलात गेली, कधीही न बनणाऱ्या २४ कोटी फाइलींसाठी. लार्जफाइल निवडलं की दर १ एमबीमागे एक, ३८ लाख आयनोड, टेबल १ जीबीच्या आत. तुमची साठ मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाच्या वेव्हमधे साधारण ६३५ एमबी होते, तर अख्ख्या डिस्कवर सहा हजार फाइली झाल्या तरी खूप. फक्त त्या डिस्कवर कधी कोड किंवा मेल ठेवू नका, नाहीतर राणीताईंसारखं पहाटेपर्यंत जागरण.

डेक्कनची_राणी

तात्या, आठवण करून दिल्याबद्दल आभारी आहे 😒

कोथरूडचा_किडा

बाप रे, एवढं कोणी शिकवलं नव्हतं, धन्स सगळ्यांना. अजून तीन शंका. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) किती, १६ जीबी रॅम आहे तर ३२ ठेवू का, रॅमच्या दुप्पट म्हणतात ना? विंडोजच्या डिस्कवर १०० एमबीची ईएफआय (बूटचं पार्टिशन) दिसतेय तीच वापरू का? आणि नोएटाइम लावल्याने एसएसडीचं आयुष्य वाढतं का?

टर्मिनल_तात्या

उलट्या क्रमाने.

नोएटाइम लावा, बिघडत काही नाही, पण चमत्काराची अपेक्षा नको. पूर्वी फाइल नुसती वाचली तरी वेळ लिहिली जायची. २००९ पासून लिनक्समधे रिलेटाइम डीफॉल्ट आहे, तो फाइल बदलली असेल तर, नाहीतर फार तर दिवसातून एकदा लिहितो. एसएसडीसाठी खरं बघायचं ते एफएसट्रिमचा (पुसलेली जागा एसएसडीला कळवायचा) टायमर चालू आहे का, आठवड्यातून एकदा पुरे. डिसकार्ड ऑप्शन लावून प्रत्येक डिलीटला ट्रिम करायची गरज नाही.

१०० एमबीची ईएफआय डेबियनच्या ग्रबला पुरते, तिथे फक्त काही एमबीचा ग्रब बसतो, कर्नल नाही. सिस्टिमडी-बूट वापरलं तर कर्नल तिथेच येतात आणि दोन कर्नलमधे दम लागतो. पण तुम्ही वापरूच नका ती. नव्या डिस्कवर स्वतःची १ जीबीची करा, आणि इन्स्टॉल करताना विंडोजच्या एसएसडीची केबल काढून ठेवा. हो, खरोखर काढा, स्क्रू उघडून. इन्स्टॉलर पहिली दिसेल ती ईएफआय पकडतो आणि मग टॅलीची डिस्क काढली तर लिनक्स बूट होत नाही.

रॅमच्या दुप्पट हे ६४ एमबी रॅमच्या काळातलं. हायबरनेट करायचं असेल तर रॅमएवढं तरी लागतं. करत नसाल तर ८ जीबी खूप झालं.

हिंजवडी_सिग्नल

तर मग साधारण असं बसेल: ईएफआय १ जीबी, बाकी सगळं एलव्हीएमला, त्यात रूट ६०, पोस्टग्रेस ६०, होम ३००, स्वॅप ८, उरलेले पाचशेच्या आसपास मोकळे. सगळं एक्स्ट४. जर्नलडी लॉग किती खाईल त्याची काळजी नको, तो फाइलसिस्टिमच्या १० टक्के किंवा ४ जीबी, जे कमी असेल तिथे थांबतो. डॉकर वापरणार असाल तर मात्र आधी सांगा, तो /व्हार मधे बसून भस्म्या झाल्यासारखं खातो.

पफीमासा

एक सूचना. डेबियन १३ मधे /टेम्प आता रॅममधे असतं, जास्तीत जास्त अर्धी रॅम, म्हणजे तुमच्याकडे ८ जीबी. ऑडिओ एडिटरला टेम्पमधे मोठ्या वेव्ह टाकायची सवय असते. तो फोल्डर /होम मधे वळवा नाहीतर टेम्पचं माउंट मास्क करा. आणि /टेम्पला नोएक्झेक लावायचा मोह आवरा, काही इन्स्टॉलर तिथेच स्क्रिप्ट उलगडून चालवतात आणि एरर भलतीच देतात. (ओपनबीएसडीत असले प्रश्न... जाऊ दे.)

गुरुवारचा_अंधार

कोणीच लाइट जाण्याचं बोलत नाहीये. आमच्याकडे सिंहगड रोडला गुरुवार म्हटलं की आम्ही आधीच मेणबत्ती काढतो. मी जर्नल आहे म्हणून निर्धास्त होतो. एक्स्ट४ च्या डीफॉल्टमधे जर्नल फक्त मेटाडेटाचं असतं, म्हणजे फाइलसिस्टिम शाबूत राहते, पण तुम्ही त्या क्षणी जे लिहीत होतात ते राहीलच असं नाही. आधी मेमरीत साठतं, डिस्कवर जायला तीसेक सेकंद पण लागू शकतात. माझं अर्धा तास टाइप केलेलं गेलं, फाइल होती, साइज शून्य. मग कोणीतरी सांगितलं बॅरिअर (लिहिण्याचा क्रम पाळायची सक्ती) बंद कर वेगवान होईल, ते तर अजिबात करू नका, जर्नलचा अर्थच जातो. पोस्टग्रेसचं एफसिंक (डिस्कवर खरंच लिहून घेणं) पण बंद करायला सांगणारे महाभाग आहेत.

आणि इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण बघा. इको मोडवर असेल तर बदलायला इतका वेळ घेतो की पंखा चालू राहतो पण पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर टाका. मी दोन वर्षं डिस्कला शिव्या घालत होतो.

कोथरूडचा_किडा

अपडेट! रविवारी बसलो, केबल काढली, सिग्नलभाऊंच्या आकड्यांप्रमाणे केलं. झालं! १० सेकंदात बूट. टॅली पण जिवंत आहे. ४ टीबीला लार्जफाइल, रिझर्व्ड शून्य.

चुलतभाऊ ट्रंक नंबर एकच्या फाइली घेऊन आला पण इथे नवीनच भानगड. कॉपी करताना काही फाइलींना 'फाइल नेम टू लाँग'. त्याच्या विंडोजमधे त्या व्यवस्थित उघडतात. लार्जफाइलमुळे झालं का हे? नावाचा नमुना देतो, भाऊ जरा सविस्तर स्वभावाचा आहे:

आजोबा कीर्तन पूर्वरंग श्रावण कसबा पेठ कॅसेट क्रमांक सात बाजू अ आवाज खरखरतोय शेवटची दहा मिनिटं नाहीत

डेक्कनची_राणी

😂 भावाला दंडवत. लार्जफाइलचा संबंध नाही. एक्स्ट४ मधे नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं. अक्षरं नाही, बाइट. यूटीएफ-८ मधे इंग्रजी अक्षर १ बाइट पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'श्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, आत चार चिन्हं, १२ बाइट. म्हणजे मराठी नाव ८५ चिन्हांत संपलं पाहिजे. विंडोजची एनटीएफएस २५५ मोजते ती १६ बिटांची एककं, तिथे देवनागरीला शिक्षा नाही.

तुमचं नाव मोजलं मी, ८३ चिन्हं गुणिले ३ म्हणजे २४९, मधल्या १६ स्पेस, २६५, वर एक्स्टेंशनचे ४. २६९. चौदा बाइटने हुकलं.

बटरपाव

माझ्या तोंडात आलं होतं की बीटीआरएफएस घ्या, पण तिथेही २५५ बाइटच. एक्सएफएस पण. गप्प बसतो.

सदाशिव_३०

'दहा मिनिटं' च्या ऐवजी '१० मि.' लिहिलं असतं तर बसलं असतं. पुण्यात कमी शब्दांत बोलायची पद्धत आहे ती उगाच नाही.

कोथरूडचा_किडा

सदाशिवराव तुम्ही खरंच मोजलंत का 😄 नावं छोटी करतोय, बाकीचा तपशील सोबत एका टेक्स्ट फाइलमधे.

कोथरूडचा_किडा

वाचवा. फोनवरून लिहितोय. ४ टीबीची डिस्क वरच्या खाचेत सरकवायला केस उघडली, बंद केली, चालू केलं तर दीड मिनिट काळ्या स्क्रीनवर काहीतरी वाट बघत बसलं आणि मग इमर्जन्सी मोड, आणि खाली लिहिलंय की रूट अकाउंट लॉक आहे म्हणून कन्सोल देता येत नाही. एंटर दाबलं की परत तेच. एनव्हीएमईला तर मी हातही लावला नव्हता!

टर्मिनल_तात्या

घाबरू नका, डेटाला काही झालेलं नाही. ४ टीबीची पॉवर केबल नीट बसली नसणार. एफस्टॅबमधे (बूटला काय माउंट करायचं त्या यादीत) ती डिस्क लिहिलीये, सिस्टिमडी (बूट सांभाळणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद तिची वाट बघतं, नाही आली तर बूटच सोडून देतं. आणि इन्स्टॉल करताना तुम्ही रूटचा पासवर्ड रिकामा सोडला असणार, मग डेबियन सुडो (आपल्याच पासवर्डवर रूटची कामं करायची सोय) देतो आणि रूटला कुलूप घालतो. एरवी चांगलं, पण इमर्जन्सी मोडला रूटच लागतो. घराला कुलूप आणि किल्ली आत.

केबल दाबा, चालू होईल. झालं की एफस्टॅबमधे त्या ओळीत डीफॉल्ट्सच्या पुढे स्वल्पविराम देऊन नोफेल लिहा, मधे स्पेस नको, आणि वाट बघायची मुदत १० सेकंद करा. डिस्कचं नाव एसडीबी वगैरे लिहिलं असेल तर काढून यूयूआयडी (तिचा न बदलणारा क्रमांक) टाका, केबल इकडची तिकडे झाली की नावं बदलतात. शेवटचे दोन आकडे ० आणि २. सुडो पासडब्ल्यूडी रूट करून रूटला पासवर्ड पण देऊन ठेवा. आणि रीबूटच्या आधी एकदा माउंट -ए मारून बघत जा, चूक असेल तर तिथेच ओरडतो.

कोथरूडचा_किडा

केबलच होती तात्या 🙏 आलं सगळं. नोफेल लावलं.

डेक्कनची_राणी

नोफेल लावलंत तर त्याचा दुसरा भाग पण करा. आता डिस्क नसली तरी बूट होणार, म्हणजे माउंट पॉइंट नुसतं रिकामं फोल्डर राहणार, आणि कुठली कॉपी स्क्रिप्ट चालू झाली तर ती निमूटपणे रूटवर लिहीत सुटणार. डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआर +आय लावा. मग डिस्क नसली तर लिहिताच येणार नाही, आणि डिस्क माउंट झाली की काही फरक नाही.

कोथरूडचा_किडा

राणीताई, उशीर झाला 😐 तुमचं वाचून शंका आली म्हणून रूट बघितलं तर ६० पैकी ४९ जीबी भरलेलं, कालपर्यंत १४ होतं. डीयू मारलं तर कुठेच दिसेना. मग रूटचं बाइंड माउंट दुसरीकडे करून आत डोकावलो तर माउंट पॉइंटच्या खाली ट्रंक नंबर दोनच्या ३५ जीबी फाइली. नोफेल लावून एकदा केबल काढून टेस्ट केली होती, तेव्हा भावाच्या लॅपटॉपवरून रात्रीची सिंक चालू होती. डिस्क परत जोडल्यावर त्या खाली झाकल्या गेल्या. हलवल्या सगळ्या, चेकसम जुळले, +आय लावलं.

आज संध्याकाळी आईला कॅसेट सातची बाजू अ लावून दिली. शेवटची दहा मिनिटं नाहीतच.

हिंजवडी_सिग्नल

भारी! धाग्याचं सार्थक झालं. वाचनखूण साठवली.

सदाशिव_३०

एकच विचारतो. चार टीबीची डिस्क एक. कॅसेटी जुन्या, बहुधा दुसऱ्यांदा वाजणार नाहीत. एवढ्या प्रतिसादांत दुसरी प्रत कुठे ठेवलीत ते कुठेच आलेलं नाही.

कोथरूडचा_किडा

...तपकीर गल्ली सोमवारी चालू असते का?